कांद्याचा वाण निवडताना : तुलना आपल्याच वाफ्यात करा

उळे टाकायचे दिवस जवळ आले की कांदा उत्पादकांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सगळ्यात जास्त उतारा देणारा वाण कोणता?" दुसरा, "शेजाऱ्याला ज्या वाणाने एकरी दीडशे क्विंटल दिले, त्याच वाणाने मला ऐंशीच का दिले? बी खोटे निघाले का?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. हंगाम, जमीन, लागणीची तारीख आणि कांदा विकायचा की साठवायचा हे ठरल्याशिवाय कोणताही वाण चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नका. दोन-तीन वाण आपल्याच रानात शेजारी शेजारी लावून पाहा. त्याला दोन गुंठे जागा, एक वजनकाटा आणि एक वही एवढेच लागते. हे कसे करायचे आणि बी खरोखर फसवे निघाले तर तुमचे हक्क काय, ते येथे क्रमाने दिले आहे.

आधी हंगाम ठरवा, मग वाण

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत आणि प्रत्येकाचे वाण वेगळे आहेत.

- खरीप (पोळ) : मे-जूनमध्ये रोपवाटिका, जुलै-ऑगस्टमध्ये लागण, ऑक्टोबर ते डिसेंबर काढणी. बसवंत ७८०, एन-५३, फुले समर्थ, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड, भीमा सुपर, भीमा डार्क रेड हे या हंगामाचे वाण. हा कांदा टिकत नाही, काढला की बाजारात न्यावा लागतो.
- रांगडा : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपवाटिका, ऑक्टोबरच्या आसपास लागण, जानेवारी ते मार्च काढणी. बसवंत ७८०, फुले समर्थ, भीमा सुपर, भीमा रेड, भीमा शक्ती. उतारा भरघोस येतो, पण डेंगळे आणि जोडकांद्याचा धोका याच हंगामात सर्वाधिक असतो.
- रब्बी (उन्हाळ) : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपवाटिका, डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लागण, एप्रिल-मेमध्ये काढणी. एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाईट रेड, भीमा किरण, भीमा शक्ती. चाळीत ठेवायचा कांदा तो हाच. चांगला सुकवलेला असेल तर एन-२-४-१ आणि भीमा किरण पाच-सहा महिने टिकतात.

यांतले बसवंत ७८०, एन-२-४-१ आणि फुले समर्थ हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण आहेत. 'भीमा' मालिका राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची, तर 'अ‍ॅग्रीफाउंड' मालिका राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानची. पांढऱ्या कांद्याचे गणित वेगळे आहे. त्याचा ग्राहक आधी ठरलेला असेल, तरच त्याच्या वाटेला जा.

हंगामाने किती फरक पडतो, ते एका वाणावरून पाहा. भीमा सुपरचा विक्रीयोग्य उतारा खरिपात हेक्टरी साधारण २० ते २२ टन, तर रांगड्यात ४० ते ४५ टन सांगितला जातो. वाण तोच, पण उतारा दुप्पट. म्हणून एकाचा रांगड्यातला आकडा आणि दुसऱ्याचा खरिपातला आकडा समोरासमोर ठेवून कधीही निर्णय घेऊ नका.

हंगाम चुकला की काय होते, हेही लक्षात ठेवा. कांद्याला पोसण्यासाठी दिवसाची ठरावीक लांबी आणि ठरावीक तापमान लागते. उन्हाळ कांद्याचा वाण खरिपात लावला तर पात माजते, माना जाड राहतात आणि कांदा भरत नाही. खरिपाचा वाण रब्बीत लावला तर कांदा होतो, पण जोडकांदे व डेंगळे वाढतात आणि चाळीत तो महिनाभरही धड राहत नाही.

तुलनेचे वाफे कसे आखावेत

एका हंगामात तीनपेक्षा जास्त वाण तपासू नका. त्यांतला एक तुम्ही नेहमी लावता तोच असू द्या. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नव्या वाणाचा आकडा काहीच सांगत नाही.

१. प्रत्येक वाणाचे तीन वाफे करा. तीन वाणांचे मिळून नऊ वाफे होतील. एकच वाफा केला आणि तो पाटाच्या तोंडाशी आला, तर पाण्याचा फायदा वाणाच्या नावावर जमा होतो.

२. वाफा ६ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद ठेवा. वजन मात्र आतल्या ५ मीटर × २ मीटर भागातलेच करायचे. कडेच्या रोपांना जागा, ऊन आणि खत जास्त मिळते, त्यामुळे तिथले कांदे नेहमीच मोठे असतात. ते मोजणीत धरू नका.

३. वाफ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. रानाचे तीन पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात तिन्ही वाण येऊ द्या. चांगली जागा आवडत्या वाणाला देण्याचा मोह त्यामुळे टळतो.

४. रोपे एकाच दिवशी टाका आणि एकाच दिवशी लावा. १५ × १० सेंटिमीटर अंतराने एका वाफ्यात सुमारे एक हजार रोपे बसतात, म्हणजे एका वाणाची तीन हजार. नांग्या भरायला थोडी जास्त ठेवली तरी पंचवीस ग्रॅम बी पुरते.

५. खत, पाणी, फवारणी सगळ्यांना सारखी द्या. एका वाणाला जास्तीचा युरिया पडला की तुलना संपली. लागणीनंतर ६० दिवसांनी नत्र कोणालाच देऊ नका. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड होते आणि कांदा चाळीत सडतो.

६. खुंट्या पक्क्या रोवा आणि नकाशा वहीत काढा. खुंटीवरचे नाव पावसाने पुसले जाते, वहीतले राहते.

पेरण्याआधी उगवण तपासा

कांद्याचे बी लवकर जुने होते. साध्या हवेत ठेवलेले बी वर्षभरानंतर भरवशाचे राहत नाही. ओल्या गोणपाटात किंवा कागदात प्रत्येक वाणाचे मोजून १०० दाणे ठेवा आणि दहा-बारा दिवसांनी सशक्त कोंब मोजा. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते. एका वाणाचे बी ८५ टक्के आणि दुसऱ्याचे ५० टक्के उगवणारे असेल, तर रोपांच्या जोमातला फरक वाणाचा नसून बियाण्याच्या वयाचा असतो.

वाढ पाहताना काय टिपावे

लागणीनंतर ३०, ४५, ६० आणि ७५ दिवसांनी प्रत्येक वाफ्यातली त्याच खुणेची दहा रोपे पाहा आणि एवढेच लिहा :

- पातींची संख्या आणि उंची. पात कांदा पोसते, म्हणून ती हवी. पण सगळ्यात उंच पातीचा वाण सगळ्यात जास्त कांदा देईलच असे नाही.
- मानेची जाडी. अंगठा आणि तर्जनीत मान धरून पाहा. काढणी जवळ आली की चांगल्या उन्हाळ कांद्याची मान चिमटीत मऊ, पोकळ लागते आणि आपसूक कलंडते. बोटांना ती आतून भरीव आणि रसरशीत लागली, तर तो कांदा चाळीत जाण्याच्या लायकीचा नाही.
- फुलकिडे आणि करपा. सगळ्या वाफ्यांवर फवारणी सारखीच असताना कोणत्या वाणाची पात आधी पांढुरकी पडते, कोणत्या वाणावर जांभळे चट्टे आधी दिसतात, ते लिहा. खरिपात पात पिळवटते का, हेही पाहा.
- डेंगळे. मोजा आणि तारखेसह लिहा.
- माना पडण्याची तारीख. निम्म्या माना पडल्या तो दिवस काढणीचा समजा. तिन्ही वाण एकाच दिवशी तयार होणार नाहीत, म्हणून प्रत्येकाची काढणी त्याच्या दिवशी करा. खरिपात माना बहुधा आपोआप पडत नाहीत, तेव्हा पातीचा रंग आणि कांद्याचा आकार पाहून काढणी ठरवावी लागते.

काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे असते. लवकर येणाऱ्या वाणाचे पाणी लवकर तोडता यावे, अशी वाफ्यांची सोय आधीच करून ठेवा.

उतारा मोजण्याची सोपी रीत

इथेच सर्वाधिक फसगत होते. गाडीभर कांदा निघाला म्हणजे उतारा मिळाला, असे नाही. प्रत्येक वाफ्याच्या आतल्या १० चौरस मीटरचा कांदा काढा, पातीसह सुकवा, माना कापा आणि चार ढीग करा :

१. विक्रीयोग्य मोठा व मध्यम कांदा (५० ग्रॅमच्या पुढचा)
२. गोल्टी (३० ते ५० ग्रॅम)
३. चिंगळी, म्हणजे त्याहून बारीक
४. जोडकांदे, डेंगळ्यांचे कांदे, फुटके आणि सडके

प्रत्येक ढिगाचे वेगळे वजन करून तीन वाफ्यांची सरासरी काढा. १० चौरस मीटरमधून जितके किलो निघाले, तितके टन हेक्टरी. त्याच किलोंना ४ ने गुणले की एकरी क्विंटल मिळतात. उदाहरणार्थ, २५ किलो निघाले तर हेक्टरी २५ टन, म्हणजे एकरी १०० क्विंटल. पूर्ण रानात मात्र पाट, वरंबे आणि बांध यांत जागा जाते. म्हणून हा आकडा वाणांची आपसात तुलना करायला वापरा, सावकाराला किंवा व्यापाऱ्याला शब्द द्यायला नव्हे.

प्रत्येक वाणाचे दहा कांदे आडवे कापूनही पाहा. मध्ये एकच गाभा आणि भोवती सलग कडी असेल तर कांदा एकसंध आहे. दोन-तीन गाभे दिसले तर असा कांदा पुढे फुटतो, लवकर कोंब धरतो आणि बाजारात जोड म्हणून बाजूला पडतो.

चाळीची परीक्षा : उन्हाळ कांद्याचा खरा निकाल

रब्बीचा निकाल काढणीच्या दिवशी लागत नाही. त्यासाठी पुढचे चार महिने नोंद ठेवावी लागते :

- कांदा शेतात तीन ते पाच दिवस पातीने झाकून सुकवा. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस राहू द्या.
- प्रत्येक वाणाचा निवडक कांदा १० किलोच्या तीन जाळीदार पिशव्यांत भरा. चाळीच्या कडेला, मध्ये आणि तळाशी एकेक पिशवी ठेवा. तिन्ही वाणांच्या जागा सारख्या असू द्या.
- दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वजन करा. सडलेले, कोंब आलेले आणि काजळी धरलेले कांदे काढून त्यांचे वजन वेगळे लिहा.

तूट किती झाली याइतकेच ती कशामुळे झाली हे कळणेही महत्त्वाचे आहे. नुसते वजन घटले तर कांदा वाळला आहे. सड जास्त असेल तर जाड मान, उशिराचे नत्र किंवा काढणीआधीचे पाणी तपासा. पावसाळ्याअखेरीस कोंब जास्त दिसले तर तो वाणाचाच गुण समजा, आणि तो कांदा त्याआधीच विकायचा असे ठरवा.

आकडे समोरासमोर ठेवा

समजा, तुमच्या वहीत असे आकडे आले.

पहिला वाण : १० चौरस मीटरमधून एकूण ३२ किलो. त्यात ६ किलो जोड व डेंगळ्यांचे, २ किलो चिंगळी. हाती राहिला २४ किलो. चार महिन्यांत ४० टक्के तूट झाली. उरला १४.४ किलो, म्हणजे एकरी सुमारे ५८ क्विंटल.

दुसरा वाण : एकूण २७ किलो. त्यात दीड किलो जोड, अर्धा किलो चिंगळी. हाती राहिला २५ किलो. चार महिन्यांत २५ टक्के तूट. उरला १८.७५ किलो, म्हणजे एकरी ७५ क्विंटल.

काढणीच्या दिवशी ढीग पाहणारा माणूस पहिल्याच वाणाची वाहवा करील. लगेच विकणाऱ्याला दोन्ही वाण जवळपास सारखेच पडतात. चाळीत ठेवणाऱ्याला मात्र दुसरा वाण एकरी १७ क्विंटल जास्त देतो. म्हणून निर्णय असा घ्या :

- काढून लगेच विकणार असाल : विक्रीयोग्य वजन, रंग आणि लवकर तयार होणे पाहा. खरिपात आठ-दहा दिवस आधी आलेला कांदा कधी कधी जास्त उताऱ्यापेक्षाही फायद्याचा ठरतो.
- चाळीत ठेवणार असाल : बारीक मान, घट्ट पत्ती, एकच गाभा आणि चार महिन्यांनंतरचे वजन पाहा. काढणीचा उतारा थोडा कमी असला तरी चालेल.
- पाण्याची खात्री नसेल : लवकर तयार होणारा वाण निवडा. शेवटची दोन पाणी हुकलेला उशिराचा वाण कितीही चांगला असला तरी पोसत नाही.

हमखास होणाऱ्या चुका

- एका वर्षावर निकाल देणे. एखाद्या वर्षी पाऊस किंवा थंडी वेगळी असते. निदान दोन हंगाम पाहा आणि तोवर नवा वाण तुलनेच्या वाफ्यांपुरताच ठेवा.
- डेंगळ्यांचा सगळा दोष वाणाला देणे. लवकर टाकलेली रोपवाटिका, जून झालेली रोपे आणि मधल्या काळातली कडक थंडी यांनीही डेंगळे येतात. खरिपात साधारण सहा-सात आठवड्यांची आणि रब्बीत सात-आठ आठवड्यांची रोपे लावावीत.
- प्रदर्शनातला सर्वांत मोठा कांदा पाहून बी घेणे. बाजारात एकसारखा मध्यम कांदा चालतो. मोजके राक्षसी कांदे आणि बाकी चिंगळी असा माल परवडत नाही.
- संकरित वाणाचे बी घरी धरणे. पुढच्या पिढीत रंग, आकार, पक्वता सगळे विखुरते. घरचे बी सुधारित सरळ वाणाचेच धरावे.
- घरच्या बियाण्यात भेसळ होऊ देणे. कांद्यात परागीकरण मधमाश्या करतात. प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये किमान ५०० मीटर अंतर ठेवतात. शेजाऱ्याचा दुसऱ्या वाणाचा डोंगळा जवळ असेल, तर तुमचे बी शुद्ध राहिलेले नाही असे समजा.

बियाणे घेताना आणि फसगत झाल्यास तुमचे हक्क

खरेदीच्या दिवशी :

- पक्के बिल घ्या. त्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, वजन, किंमत आणि विक्रेत्याची सही हवी.
- खूणचिठ्ठी पाहा. प्रमाणित बियाण्याची निळी, पायाभूत बियाण्याची पांढरी असते. त्यावरची उगवण टक्केवारी आणि वैधतेची तारीख वाचा.
- रिकामी पिशवी, खूणचिठ्ठी आणि मूठभर बी काढणीपर्यंत जपून ठेवा.

उगवण झाली नाही किंवा सांगितलेल्या वाणाऐवजी दुसराच कांदा निघाला, तर :

१. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बिलाची प्रत जोडा.

२. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची पाहणी आणि पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नका. रान नांगरल्यावर पुरावा उरत नाही. पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

३. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

४. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ लागू पडतो का, ते पाहा. या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचे बी विकताना त्यापासून कोणत्या परिस्थितीत किती अपेक्षा ठेवावी, हे सांगणे पैदासकारावर बंधनकारक आहे. तेवढी कामगिरी झाली नाही, तर शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्याच कायद्याने तुम्हाला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्कही दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही.

तुलनेच्या वाफ्यांचा आणखी एक उपयोग इथे होतो. डेंगळे आले की "थंडीमुळे आले" असे उत्तर विक्रेत्याकडून ठरलेले असते. पण त्याच तारखेला, त्याच रानात, तेच खतपाणी दिलेल्या दुसऱ्या वाणाला डेंगळे आले नसतील आणि तशी नोंद व छायाचित्रे तुमच्याकडे असतील, तर त्या उत्तराला फारसा अर्थ राहत नाही. पंचनाम्याच्या वेळी ती वही समितीपुढे ठेवा.

या हंगामापासून सुरुवात करा

पूर्ण रान नव्या वाणाखाली आणून पश्चात्ताप करण्यापेक्षा दोन गुंठ्यांचा खर्च कितीतरी कमी आहे. गावातले चार-पाच जण एकत्र आले तर काम आणखी हलके होते. सगळ्यांनी तेच तीन वाण, तीच तारीख आणि तीच वजनाची रीत ठेवली, तर काळ्या जमिनीत कोणता वाण चालतो आणि मुरमाड जमिनीत कोणता, हे एकाच हंगामात बरेच स्पष्ट होते. येत्या हंगामाचे उळे टाकताना तीन छोटे वाफे वेगळे राखा, खुंट्या रोवा आणि पहिल्याच दिवशी वहीत तारीख लिहा. तुमच्या रानासाठी कोणता वाण योग्य, हे त्या नोंदींइतके खात्रीने दुसरे कोणीही सांगू शकणार नाही.